बोलायचे असल्यास समोर यावे

मोतीराम धकाते यांना कमी ऐकू येत होतं, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना कळायला नऊ वर्षं लागली. नागपूरच्या सीताबर्डीत त्यांची ओळख 'कानाचा मेकॅनिक' अशी होती. दुसऱ्यांनी तीनदा उघडून बंद केलेली गाडी लोक त्यांच्याकडे आणत. ती न उघडता, नुसतं इंजिन चालू ठेवून, दोष कुठे आहे ते मोतीरामजी सांगत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकाच पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं शेजारी शेजारी राहिल्या.

शेड व्हरायटी चौकामागच्या गल्लीत होती. एका बाजूला कापडाच्या दुकानाचं गोदाम, दुसऱ्या बाजूला भिंत. मी ज्या वर्तमानपत्रात काम करत होतो त्याचं कार्यालय समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं, आणि माझी स्कूटर जुनी होती. ओळख त्यातून झाली.

शेडच्या दारावर पत्र्याची पाटी होती. तिच्यावर नाव नव्हतं, दुकानाचंही नाही. पांढऱ्या रंगात, नीट ओळीत एवढंच लिहिलेलं होतं: 'बोलायचे असल्यास समोर यावे.'

लोक तो ताठा समजत. गोदामाचा मुनीम म्हणे, "गणेश टेकडीच्या गणपतीसमोरही इतकं नेमानं उभं नाही राहावं लागत गा." गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं, तेही ठरलेल्या जागी. बसणाऱ्याचं तोंड दाराकडे येई आणि उजेड सरळ चेहऱ्यावर पडे. मोतीरामजी दाराला पाठ करून उभे राहत. पोलीस संशयिताला असंच बसवतात, हे मी पहिल्याच दिवशी मनात नोंदवलं. त्यापुढे विचार केला नाही.

त्यांचे आणखी काही नियम होते. तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, ठेवून बोललेलं चालत नसे. नागपुरात निम्मी माणसं खर्रा तोंडात ठेवूनच बोलतात, त्यामुळे हा नियम सगळ्यांना जाचक वाटे. "थुकून या, मंग सांगा," ते म्हणत. आभाळ भरून आलं, वीज गेली, की ते कोणाचीच तक्रार ऐकून घेत नसत. "आज नाही जमत. उद्या उजेडात या." आणि त्यांचं डोकं इंजिनावर असताना कोणी बोललेलं मुळीच खपत नसे. हा नियम ते नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगत: "माहं डोकं गाडीवर असलं का माणसानं बोलून नाही राहायचं. गाडी बोलून राहिली असते."

त्यांनी हाताखाली कोणाला ठेवलं नाही. नऊ वर्षांत मी त्या शेडमध्ये दुसरा माणूस काम करताना पाहिला नाही. घर म्हणजे शेडच्या मागची खोली. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणत, "राहून गेलं," आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहत. मग तो विषय बदले.

ते मूळचे उमरेडचे. घर विणकरांचं. वडील नागपूरच्या गिरणीत विणाई खात्यात लागले, त्यांच्यामागोमाग हेही लागले. थोरले भाऊ गावी हातमागावरच राहिले. गिरणीत बारा वर्षं काढून मोतीरामजी बाहेर पडले, एका गॅरेजात काम शिकले आणि नंतर ही शेड घेतली. गिरणीतून त्यांनी एकच वस्तू सोबत आणली होती. धोटा. मागावर उभ्या ताण्यातून आडवा दोरा घेऊन जो डावीकडून उजवीकडे धावतो, तो लाकडी धोटा. वीतभराहून मोठा, दोन्ही टोकांना लोखंडी बोंड, मधल्या खाचेत दोऱ्याची कांडी बसते. त्यांच्या धोट्याची कांडी काढून टाकलेली होती. एका टोकाचं बोंड काढून तिथलं लाकूड पॉलिश केल्यासारखं गुळगुळीत झालेलं होतं.

गाडी चालू करून ते धोट्याचं लोखंडी टोक इंजिनाला लावत आणि दुसरं टोक दातांत धरत. डोळे मिटत. टोक दोन बोटं सरकवत. पुन्हा मिटत. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं असे. मग धोटा काढून, शर्टाच्या बाहीला पुसून, सांगत: "तिसऱ्याची झडप. बाकी भलं आहे." आणि ते तसंच निघे.

दातांत काहून धरता, कानाला काहून नाही, असं मुनीमाने एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "कान भाड्याचा असते. दात घरचे." मुनीम आठवडाभर हे वाक्य गल्लीत सांगत फिरला. मीही ते एका लेखात वापरलं.

रविवारी सकाळी रामाजी नावाचे एक म्हातारे येत. गिरणीतले जुने सोबती. दोघं शेडबाहेर दोन डब्यांवर समोरासमोर बसत आणि तासभर एक शब्द बोलत नसत. फक्त हात चालत. विणाई खात्यात शेकडो मागांच्या खडखडाटात शब्द पोहोचत नाही, म्हणून तिथल्या कामगारांनी खुणांची एक बोली तयार केली होती. दोरा तुटला, मुकादम आला, बायको बाळंत झाली, सगळ्याला खूण होती. त्या बोलीत मोतीरामजी हसत, टाळी देत, भांडतही. तोंडाच्या भाषेत ते इतके बोलके कधी नसत. रामाजी एका उन्हाळ्यात वारले. त्यानंतर रविवारी एकच डबा बाहेर दिसे.

डॉ. पोतनीसांची गाडी त्या पुढच्या वर्षी आली.

पोतनीसांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात. दफ्तरात, मग कचेऱ्यांत, मग वकिलीत आणि डॉक्टरीत. हे स्वतः छातीच्या रोगांचे डॉक्टर होते. इंग्लंडमध्ये काही वर्षं नोकरी करून परत आले, येताना तिथली आपली गाडी जहाजातून घेऊन आले. लहानशी, दोन दारांची, आणि मागे डिकीच्या जागी काचेसकट वर उचलायचं तिसरं दार. गाडी तेव्हाच सात-आठ वर्षांची जुनी होती. इथे आल्यावर वर्षभरात ती धूर ओकू लागली आणि चढावर धापा टाकू लागली. नागपुरातल्या चार गॅरेजांनी बॉनेट उघडून मिटलं. आतला तो गोगलगाईच्या शंखासारखा ओतीव लोखंडाचा भाग कोणाच्या ओळखीचा नव्हता.

मोतीरामजींनी तो आठ दिवस नुसता पाहिला. मग खोलून शेडमधल्या फळीवर जुन्या धोतरावर मांडला. मला वरून खिडकीतून दिसलं, म्हणून मी खाली गेलो आणि नियमाप्रमाणे समोर जाऊन उभा राहिलो.

"पाहा पेपरवाले," ते म्हणाले. एका दांडीच्या दोन टोकांना दोन लहान चाकं होती, पात्यांची. "याले मी भिंगरी म्हणतो. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता हे चाक फिरवते. हे फिरलं का ते फिरते. ते बाहेरची हवा दाबून आत कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. म्हणजे का, आपलाच धूर आपल्याले पाठून ढकलून राहिला."

"आणि बिघडलं काय?"

"डाक्टर धावत येतात, खटकन बंद करतात, दवाखान्यात जातात. भिंगरी लाल झालेली असते, तेल थांबते, तिथंच जळून कोळसा होते. विलायतेत थंडी. चालून गेलं. इथं नागपूर आहे."

जळालेलं तेल त्यांनी रॉकेलमध्ये भिजवून, शिवणाच्या सुईने खरवडून काढलं. दांडीचे बुश लेथवर स्वतः करून घेतले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली अशी की गाडी थांबली तरी इंजिन लगेच बंद करायचं नाही. शंभरपर्यंत मोजायचं, मग किल्ली फिरवायची. "तिले दम घेऊ द्या." दुसरी अट झडपेची होती. भिंगरीचा दाब फार वाढू नये म्हणून धूर बाजूने सोडून देणारी एक झडप असते. तिच्या दांडीला आटे असतात. आटे आवळले की झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो. मोतीरामजींनी ते सैल करून ठेवले आणि त्या जागी पांढऱ्या सुताची गाठ मारली. विणकराची गाठ, बारीक, न सुटणारी. "इथलं पेट्रोल हलकं आहे. याच्यापुढं नाही."

धरमपेठेत डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर त्यानंतर रोज सकाळी एक दृश्य दिसे. नागपुरातला सर्वांत घाईचा डॉक्टर बंद काचेआड बसून ओठ हलवत आकडे मोजतो आहे, आणि पेशंट रांगेत वाट पाहत आहेत. डॉक्टर म्हणत, दिवसात तेवढीच दोन मिनिटं आपली असतात.

कृतज्ञतेने त्यांनी मोतीरामजींना एक नवा स्टेथोस्कोप आणून दिला. "धोट्यापेक्षा हे बरं. आम्ही यानं छाती ऐकतो, तुम्ही इंजिन ऐका."

मोतीरामजींनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खिळ्यावर टांगला. तो तिथेच राहिला. त्यावर धूळ बसली. डॉक्टर हसून म्हणाले, "जुन्या माणसाला जुनं अवजार." आम्हीही हसलो. कानात घालायची वस्तू त्यांच्या काय उपयोगाची, हे तिथे असलेल्या तिघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

दोन वर्षं गाडी व्यवस्थित चालली. मग डॉक्टरांना तिचा जुना वेग आठवू लागला. इंग्लंडमधल्या एका मित्राने त्यांना एक मासिक पाठवलं. त्यात याच जातीच्या जुन्या गाडीतून जास्त शक्ती कशी काढावी याचा लेख होता. झडपेची दांडी आवळा, पेट्रोल सोडणारी बारीक नळी, म्हणजे जेट, मोठी करा, ठिणगीची वेळ थोडी मागे घ्या. डॉक्टरांनी लेख वाचून दाखवला. नियमाप्रमाणे स्टुलावर बसून, उजेडात, एकेक वाक्य मराठीत सांगत. मोतीरामजी त्यांच्या ओठांकडे पाहत होते.

"होते," ते शेवटी म्हणाले. "पण पेट्रोल तेच. दाब वाढला का पेट्रोल ठिणगीच्या आधीच फुटते. पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं."

"पण त्याचा आवाज येतो ना? लेखात तेच आहे. बारीक, खणखणीत आवाज. तो आला की अर्धा आटा मागे घ्यायचा."

"येतो."

"मग झालं. मासिकातल्या माणसाकडे यंत्रं आहेत. आपल्याकडे तुमचा कान आहे. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, मोतीरामजी."

खिळ्यावरच्या स्टेथोस्कोपकडे मोतीरामजींनी एकदा पाहिलं. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते सांगितलं असतं तर 'कानाचा मेकॅनिक' उरला नसता. गल्लीच्या तोंडाशी त्याच महिन्यात एक नवं गॅरेज उघडलं होतं. तिथे तारा लावून इंजिनाची नाडी काचेवर दाखवणारं यंत्र आलं होतं. मुनीम तेव्हापासून येताजाता म्हणे, "मोतीरामजी, तो पोट्टा पडद्यावर पाहते गा. तुमी दातानं पाहता." ते हसून सोडून देत.

"एतवारी सकाळी," ते डॉक्टरांना म्हणाले. "उमरेड रोडनं जाऊ."

चाचणीसाठी ते नेहमी उमरेडचाच रस्ता घेत. सरळ, मधे चढ, रविवारी कोळशाचे ट्रक कमी. आणि नेहमी गावाच्या अलीकडच्या पुलापासून गाडी वळवून परत येत. भावाचं घर त्या पुलापासून चालत दहा मिनिटांवर होतं. कितीदा तरी मी सोबत होतो. "आता इतक्या जवळ आलो तर," असं म्हटलं की ते म्हणत, "गाडी पाहाले आलो, गाव पाहाले नाही."

त्या रविवारी मी मागच्या सीटवर होतो. डॉक्टर चालवत होते. मोतीरामजी शेजारी. जेट आणि ठिणगीचं काम त्यांनी आदल्या दिवशी केलं होतं. पाचगावच्या पुढे पहिल्यांदा थांबलो. त्यांनी बॉनेट उघडून पांढऱ्या सुताच्या पुढे एक आटा आवळला. गाडी उचलली. पाठ सीटला टेकली. डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले. दुसऱ्यांदा अर्धा आटा. आणखी बरी. मोतीरामजी पुढे वाकून बसले होते. धोट्याचं लोखंडी टोक डॅशबोर्डखालच्या पत्र्याला टेकवलेलं, दुसरं दातांत. डोळे मिटलेले.

तिसऱ्यांदा आणखी अर्धा आटा. चढ सुरू झाला. डॉक्टरांनी पाय दाबला.

आवाज मला आधी आला असावा, कारण मी काहीच करत नव्हतो. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावे तसा. बारीक, कोरडा, इंजिनाच्या घरघरीच्या वर. डॉक्टरांनाही आला. आरशात त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांना भेटले. मग त्यांनी शेजारी पाहिलं. मोतीरामजींचा चेहरा शांत होता. त्यांनी डोळे न उघडता डावा हात वर केला आणि बोटांनी खूण केली. चालू द्या.

आम्ही बोललो नाही. त्यांचं डोकं गाडीवर होतं, आणि त्यांचं डोकं गाडीवर असताना बोलायचं नसे. शिवाय ज्याला नागपूर कानाचा मेकॅनिक म्हणतं त्याला आवाज आला, हे छातीच्या डॉक्टरने आणि बातमीदाराने काय सांगायचं.

चढ संपण्याआधी गाडीचा जोर एकदम गेला. मागे निळसर धूर पसरला. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली आणि सवयीने आकडे मोजायला लागले. मोतीरामजींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "आता बंद करा."

त्यांनी प्लग काढले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चंदेरी दाणे चिकटलेले होते. वितळलेल्या पिस्टनचे. त्यांनी एक दाणा नखाने काढला, तळहातावर घेतला, उन्हात धरला. बराच वेळ पाहिला.

"हे एका मिनिटात होत नाही," ते म्हणाले. मग आमच्याकडे वळले. "आवाज आला होता?"

डॉक्टर म्हणाले, "हो. मला वाटलं तुम्हाला..."

मोतीरामजी पुन्हा बॉनेटकडे वळले आणि प्लग एकेक करून पुसू लागले. डॉक्टर त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर उभे होते. त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक मारली, "मोतीरामजी." मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. रस्त्यापलीकडच्या शेतातल्या माणसाने वळून पाहिलं. मोतीरामजी प्लग पुसत होते.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुढे त्यांनी हाक मारली नाही.

नागपूरच्या बाजूला जाणारं काही मिळेना. उलट दिशेने आलेल्या एका ट्रकवाल्याने दोर लावून गाडी उमरेडपर्यंत ओढून न्यायचं कबूल केलं. मोतीरामजी म्हणाले, "नागपूरचा ट्रक पाहू. येईन एखादा." तासभर पाहिला. ऊन चढलं. डॉक्टर त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "तुमच्या भावाकडे अंगण आहे ना? गाडी तिथं ठेवू." पहिल्यांदाच मोतीरामजींनी समोरच्याच्या तोंडावरून नजर काढून घेतली.

पूल ओलांडला.

भावाचं घर विणकरांच्या गल्लीत होतं. ओट्यालगतच्या खोलीत माग चालू होता. भाऊ उठून आले, गाडीकडे आणि आमच्याकडे पाहून गडबडले, पाणी आणायला सांगून खाटा टाकू लागले. मोतीरामजी अंगणात दाराकडे पाठ करून गाडीपाशी उभे राहिले, दोर सोडत. आतून त्यांची वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. साठीची, लुगड्याचा पदर डोक्यावर.

"भाऊजी, किती वरसांनी आले वं माय. पाणी घ्या."

दोराची गाठ सुटत नव्हती. ते तिच्याशी झटत होते.

"भाऊजी?"

ती थांबली. तांब्या ओट्यावर ठेवला. मग तिने जे केलं ते इतक्या सवयीचं होतं की त्यात विचार दिसलाच नाही. ती अंगणातून वळसा घालून गाडीच्या पलीकडे गेली, त्यांच्या समोर, ऊन तोंडावर पडेल अशी उभी राहिली. टाचेने जमिनीवर दोनदा आपटलं. त्यांनी मान वर केली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, म्हणजे ओठ पुरे दिसावेत, आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं:

"कवापासून?"

मागाची खटखट थांबली होती. भाऊ खाट हातात धरून उभे होते.

"लय दिस झाले, वयनी," मोतीरामजी म्हणाले. "गिरणीतच लागलं होतं. आता जास्त झालं."

"म्हनून येत नव्हते?"

त्यांनी मान हलवली. हो.

"या घरात बहिरा लपते का गा? मामाजीसमोर, तुमच्या बाबासमोर, मी तीस वरसं अशीच उभी राहून बोलली. तुमच्यासमोर उभी राहाले मले जड जाते का?" ती हे सावकाश, तोंड भरून बोलली, आणि बोलताना रडत होती, पण ओठ वाकडे होऊ देत नव्हती. ते वाचत होते म्हणून.

आम्ही जेवून बसने नागपूरला परतलो. मोतीरामजी सोबत आले. ती म्हणाली, राहा. ते म्हणाले, गाडी दुरुस्त करायची आहे, सामान नागपुरात आहे.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना कान तपासून घ्यायला लावलं. अशा बहिरेपणात बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज आणि कंप शेवटपर्यंत राहतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. दातांतून कंप कळत होता. फुटाण्यांचा आवाज कंपात येत नव्हता, आणि आला असता तरी त्या दिवशी रस्त्याच्या हादऱ्यांत हरवला असता. डॉक्टरांनी खिशात ठेवायचं श्रवणयंत्र घेऊन दिलं. चार दिवस मोतीरामजींच्या कानाला वायर दिसली. पाचव्या दिवशी यंत्र स्टेथोस्कोपच्या शेजारी दुसऱ्या खिळ्यावर होतं. "सगळंच येते त्याच्यातून," ते म्हणाले. "गाडी कोणती अन् गल्ली कोणती, उमगत नाही."

गाडी त्यांनी उमरेडहून ओढून आणली आणि दीड महिन्यात उभी केली. दुसऱ्या गाडीचा पिस्टन लेथवर घडवून बसवला. झडपेची दांडी पांढऱ्या सुतावर परत आणली आणि आट्यांवर कथलाचा थेंब सोडला. आता ती कोणालाच फिरवता येणार नव्हती, त्यांनाही नाही. डॉक्टरांनी पुन्हा जोराचं नाव काढलं नाही.

त्या रविवारची गोष्ट डॉक्टरांनी कोणाला सांगितली नाही. मीही सांगितली नाही. मोतीरामजींनी सांगितली. पाटी उतरवून तिच्यावर आणखी एक ओळ रंगवली. आता ती अशी होती: 'मला ऐकू येत नाही. बोलायचे असल्यास समोर यावे.' अक्षर तेच, नीट.

मुनीम पाटीसमोर बराच वेळ उभा होता. मग आत गेला, स्टुलावर जाऊन बसला, तोंडातला खर्रा आधीच थुंकून आला होता. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही, आणि मोतीरामजींना त्या थट्टेची उणीव भासत असावी, कारण ते कधी कधी स्वतःच गोदामाच्या दाराशी जाऊन उभे राहत.

गिऱ्हाईक एकदम गेलं नाही. त्यांचे हात तेच होते, धोटा तोच, आणि दहातले आठ दोष अजूनही ते न उघडता सांगत. पण आता लोकांना ते आठ दिसेनात. गाडी परत नेताना ते गल्लीच्या तोंडाशी थांबत आणि नव्या गॅरेजमध्ये पडद्यावर एकदा बघून घेत. नंतर आधीच तिथे थांबू लागले.

वहिनीने दोनदा निरोप पाठवला. पोळ्याला ते जाऊन आले. कायमचं का जात नाही, असं मी एकदा समोर बसून विचारलं.

"तिथं सगळे समोर येऊन बोलतात," ते म्हणाले. "पोट्टेसोट्टे बी. पाय आपटून, तोंड एवढं करून. दिवसभर." त्यांनी धोटा बाहीला पुसला. "इथं कोणी बोलतच नाही. बरं आहे."

दोन वर्षांनी माझी दुसऱ्या आवृत्तीत बदली झाली. सामान आधी गेलं होतं. एका सकाळी एक बॅग घेऊन मी ऑटोत बसलो आणि स्टेशनला जाण्याआधी गल्लीत थांबायला सांगितलं.

शेडसमोर डॉक्टरांची ती लहान गाडी उभी होती. बॉनेट उघडं, इंजिन चालू. मोतीरामजी माझ्याकडे पाठ करून उभे होते. धोटा खिशात खोचलेला. एक तळहात इंजिनाशेजारच्या पत्र्यावर सपाट ठेवलेला. मान बारीक हलत होती, ठरावीक अंतराने. ते आकडे मोजत होते.

मी ऑटोतून उतरून हाक मारली. मोतीरामजी. पुन्हा मारली. मग लक्षात आलं की मी मागे उभा आहे.

समोर जायला आठ-दहा पावलं लागली असती. ऑटोवाल्याने हॉर्न दिला आणि म्हणाला, "साहेब, गाडी सुटन ना." मी घड्याळ पाहिलं. मोतीरामजींचा हात पत्र्यावर होता. शंभर व्हायला किती राहिले होते हे मागून कळत नव्हतं.

मी ऑटोत बसलो. चौकातून वळताना इंजिन बंद झाल्यासारखं वाटलं, पण तिथे रहदारी होती, आणि मला नक्की सांगता येणार नाही.